टॅपेटची टिकटिक

"चूक कुणाची, तेवढं सांगा," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"माझी," दस्तगीर उस्ताद म्हणाले.

"माझी," भूपाल म्हणाला.

दोघं एकदमच बोलले. प्रमिलाबाईंनी एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं, एकदा तरण्याकडे. मग पर्स उघडून रुमाल काढला आणि उगाचच चष्मा पुसला.

कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका बोळात उस्तादांचं गॅरेज आहे. जुन्या, मोठ्या इंजिनांची कामं तिथे होतात. नवी गाडी वाट चुकून आलीच, तर उस्ताद तिच्यात पाणी भरतात, काच पुसतात आणि तिला पुढच्या गॅरेजचा रस्ता दाखवतात. भूपाल चौगुले त्यांचा शिष्य. लहान गाड्यांच्या गॅरेजात हात बसलेला, म्हणजे आला तेव्हाच निम्मा तयार होता. आता तर उद्यमनगरात लोक त्यालाही अधूनमधून उस्ताद म्हणू लागले होते. तो नको म्हणायचा, पण जरा उशिरानं.

प्रमिलाबाई घाटगे यांची शहराबाहेर रोपवाटिका आहे. वडिलांनी घेतलेली हिरवी विलायती गाडी त्या अजून स्वतः चालवतात. डिकीत आंब्याची कलमं आणि पुढे बाई. गाडीचं इंजिन लांबलचक, सहा सिलिंडर एका ओळीत.

गेल्या आठवड्यात त्यांनी इथूनच टॅपेट बसवून गाडी नेली होती. साखरप्याला बहिणीकडे गेल्या आणि परत येताना आंबा घाट चढताना पाचव्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह जळला.

"जाताना अशी गप्प गेली, की मला वाटलं यावेळी काम फारच छान झालंय," बाई म्हणाल्या. "आणि घाटात हे असं. तरी इंजिन खानदानी म्हणायचं. एक गेलं तरी उरलेल्या पाचांवर घरी आली. दोरी लावावी लागली नाही."

उस्ताद त्यांच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी मान हलवली.

"पण पुढच्या खेपेला या इंजिनाला कुणाचा हात लागायचा, ते मला ठरवायचंय," बाई म्हणाल्या. "ज्यानं चूक केली, त्याचा नाही लागायचा. वडिलांची गाडी आहे, मी भीड धरणार नाही. तुम्ही दोघं आपसात ठरवा आणि मला एक नाव सांगा."

त्या रिक्षानं गेल्या.

गॅरेजात दोघंच उरले...

भूपालनं खोटं सांगितलं होतं. निदान त्याची तरी तशी समजूत होती.

दोन पावसाळ्यांपूर्वी उस्तादांचे कान वाहिले आणि पडदे गेले. तेव्हापासून समोरचं माणूस त्यांना ओठांवरून कळायचं, नाहीतर डाव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोलावं लागायचं. उस्ताद कधी "ऐकू येत नाही" म्हणाले नाहीत. मग गॅरेजात कुणी तसं दाखवलंही नाही. उस्ताद पूर्वी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनाला टेकवायचे, लाकडी मूठ कानाला लावायचे आणि आत कोण काय बोलतंय ते सांगायचे. आता ते तसं करत नसत. स्क्रू ड्रायव्हर खिळ्याला टांगलेला असायचा.

आणि टॅपेट?

व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरची झडप, आणि त्याला दाबणारी पट्टी यांच्यात एक बारीक फट ठेवावी लागते. तीच टॅपेटची फट; ती मापात आणणं म्हणजे टॅपेट बसवणं. पत्र्याचं पातळ पातं तिच्यात घालून मोजायची. जास्त राहिली तर टॅपेट टिकटिक वाजतात. अजिबात नाही राहिली तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि आतली आग त्याच्या कडेनं निसटते. मग तो जळतो.

उस्ताद दुपारी टॅपेट बसवायचे. चालून तापलेल्या इंजिनात हात घालायचे, बोटं भाजून घ्यायचे. म्हाताऱ्याला धीर निघत नाही, असं भूपालला वाटायचं. संध्याकाळी ते नमाजाला जात आणि तिथून परस्पर घरी. ते बोळाच्या टोकाला वळले, की भूपाल कव्हर काढून पातं घालून बघायचा.

फट नेहमी जास्त निघायची. दरवेळी, सगळ्यांची.

कान गेले, आता बोटंही गेली, असं त्याच्या मनात यायचं. मग तो एकेक टॅपेट केसभर घट्ट करायचा. पुस्तकात दिलेल्या मापाला बरोब्बर. इंजिन एकदम गप्प व्हायचं. कव्हर लावून, हात धुऊन तो घरी जायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. उस्तादांना तर नाहीच. मात्र मनातल्या मनात तो स्वतःची पाठ थोपटून घ्यायचा, हेही खरं.

आता इतकं सांभाळूनही व्हॉल्व्ह जळला होता. उस्तादांच्या हातून काहीतरी मोठंच राहिलं असणार आणि ते आपल्याही नजरेतून सुटलं असणार, असं त्यानं धरलं. म्हणून तो "माझी" म्हणाला होता.

"स्टार्ट कर," उस्ताद म्हणाले.

"जळलेल्या व्हॉल्व्हवर?"

"पाच हायती की."

भूपालनं इंजिन सुरू केलं. ते थरथरत, लंगडत चालू लागलं. एरवी हे इंजिन सुरू आहे की बंद, ते बॉनेटवर हात ठेवल्याशिवाय कळायचं नाही. पहिला आणि सहावा पिस्टन जोडीनं वर येतात, दुसरा-पाचवा जोडीनं, तिसरा-चौथा जोडीनं. एकाचा हिसका दुसरा खाऊन टाकतो. पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा, क्रँक, सात ठिकाणी टेकलेला, वाकायला जागाच नाही. म्हणून अशी इंजिनं नातवंडांपर्यंत चालतात. पण आज पाचवा नुसता लोंबकळत होता.

"तापू दे," उस्ताद म्हणाले. "तवर च्या सांग."

चहा आला. दोघं पाटावर बसले, भूपाल उस्तादांच्या डाव्या कानाला.

"एकाचं काम पाच जण ओढतायत," उस्ताद म्हणाले.

"ओढायचंच की, उस्ताद. एकाचं जरा कमी झालं तर बाकीच्यांनी ओढायचं."

"व्हय... पर त्या पाचव्याला ठावं न्हाई बघ. त्योबी वर-खाली हुतोयच. त्येला वाटतंय, मीबी चालवायलोय गाडी."

 उस्ताद स्वतःबद्दल बोलतायत, असं भूपालला वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. त्याचे डोळे भरून आले. जे बोलायचं म्हणून तो कितीतरी दिवस शब्द जुळवत होता, ते आता बोलायला हरकत नव्हती.

"उस्ताद," तो कानाशी वाकून म्हणाला, "टॅपेटचं काम माझ्याकडं द्या आता. तुम्ही बसून सांगा. बाईंना मी माझंच नाव चुकीत सांगतो. बोलणी मी खातो. तुमच्या हाताला कुणी नाव ठेवलेलं मला चालणार न्हाई."

 उस्तादांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हाताला ग्रीस होतं, त्याचा पट्टा शर्टावर उमटला.

"इंजिन बंद कर," ते म्हणाले. "कव्हर काढ."

भूपालनं कव्हर काढलं. आतून तेलाची गरम वाफ आली.

"तिसऱ्याचा टॅपेट बघ. तिसरा चांगला हाय. पातं घाल."

भूपालनं पातं धरलं. टॅपेट तापलेला, बोट टेकवत नव्हतं. त्यानं पातं सरकवलं.

जाईना.

त्यानं पुन्हा पुसून घातलं. जाईना. त्यानं पातं उलटं धरलं, फुंकर मारली, चौथ्याला घालून पाहिलं, मग पहिल्याला. कुठेच फट नव्हती.

"असं कसं?" तो पुटपुटला. "मी सोता..."

पुढचं वाक्य त्यानं गिळलं. पण उस्ताद ओठांकडेच बघत होते.

"तू बघितलंस तवा इंजिन कसं हुतं?" त्यांनी विचारलं.

"कसं म्हंजे?"

"हाताला."

"...गार."

"आनि मी बसवतो तवा?"

 हातातलं पातं भूपालनं एकदा पाहिलं, एकदा इंजिन पाहिलं. लहान गाड्यांचे टॅपेट थंड इंजिनात बसवतात. त्याचा हात तिथेच बसला होता. ह्या इंजिनाचं माप गरमचं. लोखंड तापलं की वाढतं आणि फट आकसते. गरम इंजिनात बरोबर असलेली फट थंड झाल्यावर जास्त दिसणारच; बरोबर फट थोडी वाजणारही. उस्तादांची बोटं धीर नव्हता म्हणून भाजत नव्हती.

"मी संध्याकाळी..." तो म्हणाला. "तुम्ही गेल्यावर. रोज."

"ठावं हाय."

"कधीपास्नं?"

"पयल्या दिवसापास्नं."

बोळातून बर्फाच्या लाद्यांची हातगाडी गेली. 

"मग बाकीच्या गाड्या?" भूपालनं विचारलं. "त्याबी मी घट्टच केल्या हुत्या. त्या कशा जळल्या न्हाईत?"

उस्तादांनी चहाचा रिकामा ग्लास पालथा घालून ठेवला.

भूपालला आठवायला लागलं. सकाळी गॅरेज उघडलं, की आदल्या दिवशीच्या गाडीचं बॉनेट हाताला कोमट लागायचं. दरवेळी लागायचं. दारातून ऊन येत असेल, असं धरून तो कामाला लागायचा.

"मला वाटायचं, सकाळचं ऊन..." तो म्हणाला.

"आपल्या दाराला सकाळचं ऊन येतंय व्हय रं?"

भूपालनं दाराकडे पाहिलं. दार मावळतीला होतं. इतकी वर्षं तो त्याच दारातून आत येत होता.

"पहाटं फजरची नमाज झाली की इकडं यायचो," उस्ताद म्हणाले. "इंजिन तापवायचो, तुझं सोडवायचो, पुन्ना बसवायचो. तू यायच्या आत घरी. तुझ्या काकी म्हणायच्या, म्हातारपणी ह्या माणसाला गॅरेजात कोण भेटतंय."

ते हसले. भूपालला हसू आलं नाही.

"पर तुम्हास्नी ऐकू..." तो अडखळला. ते वाक्य त्या गॅरेजात अजून कुणी पुरं केलं नव्हतं. "ऐकू येत न्हाई, उस्ताद."

"न्हाई येत," उस्ताद म्हणाले. अगदी सहज, मीठ संपलं म्हणावं तसं.

ते उठले. खिळ्यावरचा लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. भूपालला खुणेनं इंजिन सुरू करायला सांगितलं. टोक इंजिनाला टेकवलं. लाकडी मूठ कानाला न लावता उरलेल्या दातांत धरली आणि डोळे मिटले.

इंजिन लंगडत होतं. उस्तादांच्या चेहऱ्यावर ते सगळं लंगडणं दिसत होतं. पाचव्याची पाळी आली की भुवई बारीक हलायची. एक, मग पाच, मग तीन, मग सहा, दोन, चार. ज्या क्रमानं सिलिंडर पेटतात, त्याच क्रमानं त्यांचं दुसऱ्या हाताचं बोट मांडीवर पडत होतं. पाचला ते पडत नव्हतं.

त्यांनी मूठ तोंडातून काढून सदऱ्याला पुसली.

"कान गेलं," ते म्हणाले. "हाडं हायती अजून."

मुठीवर दातांच्या खुणा होत्या. जुन्या, खोल. भूपालनं त्या आज पाहिल्या. रोज तो स्क्रू ड्रायव्हर त्याच्या डोक्यावर टांगलेला असायचा.

त्यानं इंजिन बंद केलं आणि पाटावर बसला. त्याला लाज वाटत होती आणि रडूही येत होतं. दोन्हीतलं आधी काय येऊ द्यावं, ते त्याला कळेना.

"बाईंना मी सांगितलं, चूक माझी," तो म्हणाला. "मला वाटलं, तुमच्यासाठी खोटं बोलतोय."

"खरंच बोललास."

"मग तुम्ही कशाला म्हणालात, माझी?"

"मीबी खरंच बोललो."

"कसं?"

"त्या दिशी फजरची बांग ऐकू आली न्हाई मला. खिडकी उघडी ठेवून निजतो, तरी न्हाई आली. जागा झालो तवर उजाडलं हुतं. हितं पळत आलो, तर बोळात लावलेली गाडी बाई त्यांच्या किल्लीनं घेऊन गेल्या हुत्या..." उस्ताद थांबले. "मागनं रिक्षा करून जावं म्हणलं. पर बाई सावकाश चालवत न्हाईत."

भूपालच्या डोळ्यांसमोर ते आलं. बोळाच्या टोकाला उभा राहिलेला, धापा टाकणारा म्हातारा. आणि आपण त्या वेळी घरी, पोट भरून, मापात बसवलेल्या टॅपेटचं समाधान घेऊन.

"एकदा बोलला असता, उस्ताद," तो म्हणाला. "एकदा. गरम बसवायचं असतंय, गाढवा. एवढंच."

"तू बोललास?"

भूपाल नखातलं ग्रीस काढू लागला.

"ऐकू येत न्हाई, ढिलं राहायलंय, बघा एकदा... बोललास?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"हां."

इंजिनात कुठेतरी लोखंड निवताना बारीक कडकड वाजली. ती भूपालनं ऐकली. उस्तादांनी नाही.

"आनि आणखी एक हाय," उस्ताद जमिनीकडे बघत म्हणाले. "ते तुला सांगाया पायजे. मी नमाजाला निघायचो तवा तू पान्यांशी खुडबुड करत थांबायचास. मी वळून बघायचो न्हाई. पर ठावं असायचं, आपल्यासाठी कुणीतरी मागं थांबलंय. घरी जाईस्तवर लई बरं वाटायचं. बोललो असतो, तर दुसऱ्या दिवसापास्नं तू माझ्याबरुबरच कुलूप लावून निघाला असतास."

भूपालनं तोंड पुसायला हाताला लागेल ते फडकं घेतलं. ते ग्रीसचं निघालं. उस्तादांनी त्याच्या गालावरचा काळा डाग पाहिला आणि स्वच्छ कोपरा शोधून पुसून दिला. मग त्याच्या हातात पाना ठेवला.

"हेड उतरव," ते म्हणाले.

व्हॉल्व्ह बदलला, घासून बसवला. हेड चढवलं. इंजिन सहावर आलं आणि पुन्हा असं चाललं, की बॉनेटवर ठेवलेल्या ग्लासातलं पाणी हललं नाही. तापल्यावर उस्ताद पाटावर बसले आणि टॅपेटला भूपालनं हात घातला.

पहिल्याच टॅपेटला बोट भाजलं. त्यानं हात मागे घेतला.

"थोडं निवू दे काय?" त्यानं विचारलं.

"निवल्यावर बघशील तर माझं कायम ढिलंच दिसंल तुला."

उस्तादांनी त्याचं बोट धरून पाण्याच्या ग्लासात बुडवलं. जरा वेळानं काढलं. भूपालनं पुन्हा हात घातला. एकेका टॅपेटला पातं सरकवून तो उस्तादांकडे द्यायचा, उस्ताद उठून सरकवून बघायचे आणि मान हलवायचे. एका टॅपेटला दोघांचं पटलं नाही. त्यावर बरीच वादावादी झाली. उस्तादांना ऐकू यावं म्हणून भूपाल ओरडत होता आणि उस्ताद विनाकारण ओरडत होते. समोरच्या लेथवाल्यानं मशिन थांबवून डोकावून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाई आल्या तेव्हा गाडी दारात सुरू होती.

"ठरलं का नाव?" त्यांनी विचारलं.

उस्ताद बॉनेट पुसत राहिले. भूपालच्या बोटाला फडकं गुंडाळलं होतं.

बाई गाडीभोवती फिरल्या. बॉनेटवर हात ठेवला. मान तिरकी करून ऐकलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"गेल्या खेपेला अगदी गप्प होती," त्या म्हणाल्या. "आता टिकटिक करतेय. कसला आवाज हा?"

भूपालनं उस्तादांकडे पाहिलं.

उस्तादांनी बाईंच्या ओठांकडे बघून प्रश्न नीट समजून घेतला. मग खिळ्यावरचा स्क्रू ड्रायव्हर काढून भूपालच्या हातात दिला आणि म्हणाले,

"आमचा दोघांचा हाय, बाई. ऱ्हाऊ द्या."